केसांवर वाटी

पहिल्या महिन्यात दिवाकर लक्षणेचं दुकान बंद होतं,
पोरीच्या बाळंतपणासाठी पुसदला गेला होता.
दुसऱ्या महिन्यात उघडं होतं
आणि मी समोरून सायकल काढली
घंटी न वाजवता.
एवढंच झालं. त्याच्या आधी काही नाही.

पण गावाला कारण लागतं.
कोणी म्हणे महादेवाचा नवस, पचमढीला जाऊन उतरवणार.
कोणी म्हणे भावासोबत धुऱ्याची केस चालू आहे,
निकाल लागेस्तोवर कात्री नाही.
पानठेल्यावरून आवाज यायचा,
"काऊन बा लाइनमन, पिक्चरमधी चाल्ले का?"
एकसष्ट वय, पोटावर तंग बनियन,
काय सांगणार.

बत्तीस वर्षं डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट.
मे महिन्यात खांबावर चढलो की
आत तांदूळ शिजतील असा घाम.
डोकं म्हणजे
हेल्मेट ठेवायची जागा.

आता मानेवर काहीतरी हलतं.
सुरुवातीला मी थापड मारायचो, माशी समजून.
मग कळलं, हा मीच.
तुरीच्या तासातून चालताना
वारा मागून येतो,
पाना-शेंगांच्या आधी मला लागतो.
खांबावर तारा गुणगुणायच्या
तेव्हा वाटायचं, यांना काय कळतं एवढं.

पंचफुलानं नाल्याकाठची काळी माती
रात्रभर भिजवली, फडक्यातून गाळली.
ज्या मातीत मी शेकड्यानं खांब रोवले
तीच डोक्याला.
"मान खाली घाला," म्हणाली.
अडतीस वर्षांच्या संसारात
पहिल्यांदाच हुकूम,
आणि मी घातली.

दिग्रसच्या बाजारात मात्र कठीण झालं.
एक बाई टोपली खाली ठेवून
सरळ पायाच पडली.
"बाबा, माही बकरी गेली. गाभण हाये.
येईन का वापस?"
मी सांगणार होतो, मी बाबा नाही,
फेज उडाला तर सांगा, डीपी जळाली तर सांगा.
पण तोंडाला बत्तीस वर्षांचं वळण.
रात्री-बेरात्री सगळा गाव एकच विचारायचा,
लाइन कवा येईन?
आणि तोंडातून तेच निघालं,
"येईन. अर्ध्या तासात."

तिनं अकरा रुपये हातात ठेवले
आणि घाईघाईनं गेली.
तिच्या पाठीकडे बघत राहिलो.
लाइन तरी कधी
अर्ध्या तासात आली होती.

ते अकरा रुपये दिवाकरकडे घेऊन गेलो.
त्यात आणखी नऊ टाकून
दोन कट मागवले.
तो खुर्चीत, मी बाकावर, उलटंच सगळं.
बराच वेळ माझ्याकडे आरशातून बघत होता.
"टोकं फाटले हायेत," म्हणाला,
"दोन बोटं कापू देतं का?
पैसे नाही घेत."
मी नाही म्हटलं.
त्यानं वस्तरा उगाच चामड्यावर घासला
आणि म्हणाला, "बरं. पण चहाले येत जा."

परवा गल्लीत आरोळी आली,
केसावर भांडेऽऽ.
पंचफुलानं भिंतीच्या भोकातून
गुंतवळाचा गोळा काढला,
वर्षभराचा, फणीफणीनं जमवलेला.
भांडेवाल्यानं बोटांवर तोलला.
"पांढरे लय हायेत, बाई. याचं कमी येते."
तिनं एक केस ओढून उन्हात धरला,
"लांबी पाय ना!"
माझाच होता, मी ओळखला,
किंवा नसेलही.
एकाच फणीत निघालेले दोघांचे,
कोण वेगळे करतो.

स्टीलची वाटी मिळाली, लहानशी.
आज जवसाची चटणी तिच्यातच.
मी म्हटलं, "ह्या वाटीत माझा वाटा किती?"
"खा मुकाट्यानं," म्हणाली,
"आन् केस मांगं घ्या,
ताटात येऊन रायले."